मोठा वाटा

माझ्या आत्याचं सासर गागोदे बुद्रुक. पेण तालुक्यातलं गाव. मे महिना लागला की आम्ही दोघं भाऊ तिच्याकडे जायचो ते पहिला पाऊस पडेपर्यंत तिथेच. एस.टी.तून उतरायचं, पुढे चालायचं. माझ्या डोक्यावर पिशवी आणि धाकट्याच्या हातात पाण्याचा तांब्या. मी चार वर्षांनी मोठा. त्यामुळे पिशवी मी घ्यायची, असा आईचा हुकूम.

गावाच्या नावातलं 'बुद्रुक' मला लहानपणी फार छळायचं. मला वाटायचं, बुद्रुक नावाचा कोणीतरी माणूस असणार. दाढीवाला, घोड्यावर बसणारा. आत्याला विचारलं तर ती म्हणाली, "मना काय ठाव? सरकारनी लिवलंय." आत्याचा सगळा इतिहास या दोन शब्दांत मावायचा. दुष्काळ, सर्व्हे, कुळकायदा, सगळं 'सरकारनी लिवलंय'.

तिचं म्हणणं एका अर्थी खरंच होतं. पुढे मी सरकारी कचेरीत कारकून झालो तेव्हा कळलं. फारसीतला 'बुजुर्ग' आपल्या तोंडात घासून घासून 'बुद्रुक' झाला. मोठा, थोर, वडीलधारा, असे त्याचे अर्थ. आणि 'खुर्द' म्हणजे लहान. एकाच नावाची दोन गावं जवळजवळ असली की वसुलाच्या दप्तरात घोटाळा व्हायचा. एकाचा सारा दुसऱ्याच्या नावावर चढायचा. म्हणून एकाला बुद्रुक म्हणायचं, दुसऱ्याला खुर्द. पुण्याकडे वडगाव बुद्रुक आहे, वडगाव खुर्द आहे. आंबेगावचंही तसंच. उत्तरेकडे बुद्रुकच्या जागी 'कलां' लावतात. सुट्ट्या पैशांना आपण खुर्दा म्हणतो, तोही याच खुर्दचा भाऊबंद.

गंमत अशी की हे मोठेपण एकदा दप्तरात चढलं की उतरत नाही. शे-दोनशे वर्षांत खुर्दमध्ये बाजार भरू लागतो, हायस्कूल येतं, बँक येते आणि बुद्रुकमध्ये म्हातारी माणसं तेवढी उरतात. असं कितीतरी ठिकाणी झालेलं आहे. पण पाटी बदलत नाही. बुद्रुक ते बुद्रुकच. घराघरांतसुद्धा असे बुद्रुक असतात. आधी जन्मले एवढ्यावर मोठे झालेले. त्यातलाच मी एक. या लेखात मला त्या मोठेपणाचाच हिशेब द्यायचा आहे.

शाळेत इंग्रजी आली तेव्हा 'मोठा' हा शब्द आणखी अवघड झाला. आमचे मास्तर फळ्यावर एकाखाली एक शब्द लिहायचे आणि आम्ही ओरडायचो. बिग म्हणजे मोठा. लार्ज म्हणजे मोठा. ग्रेट म्हणजे मोठा. एका पोराने विचारलं, "गुरुजी, सगळेच मोठे तर तीन शब्द कशाला?" गुरुजींनी त्याला मोठ्याने वाचायची शिक्षा दिली. म्हणजे हा मोठा आणखी चौथा. आपल्याकडेही काही कमी नाहीत. मोठा भाऊ वयाने मोठा, मोठा आवाज कानाला मोठा, मोठी माणसं पैशाने मोठी. आणि 'मोठा आलाय शहाणा' यातला मोठा तर लहानच असतो.

'ग्रेट'चा उलगडा पुढे एका पुस्तकात झाला. ग्रेट ब्रिटन म्हणजे थोर ब्रिटन असं आम्ही समजत होतो. त्यांचं राज्य होतं, तेव्हा थोर म्हणवून घेत असतील. पण तसं नाही. समुद्रापलीकडे फ्रान्समध्ये ब्रिटनी नावाचा एक मुलूख आहे. ते धाकटं ब्रिटन आणि हे थोरलं. ओळखायला सोपं जावं म्हणून 'ग्रेट'. म्हणजे आपल्या हिशेबाने तो देश म्हणजे ब्रिटन बुद्रुक! हे कळल्यावर मला फार बरं वाटलं. दीडशे वर्षं ज्यांच्यासमोर आपण वाकलो त्यांची पाटीही आत्याच्या गावासारखीच निघाली.

राहिला 'लार्ज'. आमच्याकडे हा शब्द दोनच ठिकाणी भेटतो. शर्टाच्या कॉलरला आणि नाक्यावरच्या बारमध्ये. पहिल्यात छातीचं माप आणि दुसऱ्यात छाती फुगवायचं. आता हॉटेलात पिझ्झालाही लार्ज म्हणतात, असं नातवंडांकडून कळतं. माझ्या वाट्याला हा शब्द शर्टाच्या कॉलरवरून आला आणि अजून उतरलेला नाही. ती गोष्ट सांगायची तर आधी जमिनीची सांगायला हवी.

वडील गेल्यावर काही वर्षं जमीन एकत्रच होती. धाकटा कसायचा आणि मी नोकरीवरून शनिवार-रविवारी जाऊन बांधावर उभा राहायचो. २००७ साली वाटणी करायचं ठरलं. भांडण नव्हतं. मुलं मोठी होत होती, आपल्या डोळ्यांदेखत झालेलं बरं, एवढंच. एकूण छत्तीस गुंठे. थोडी ओढ्याकाठची, चांगली भाताची. थोडी महामार्गाच्या बाजूची, कातळ वर आलेला माळ. पावसात नाचणी-वरी होईल न होईल अशी.

आत्या वाटणीला मुद्दाम आली होती. सत्तरी उलटलेली, पण आवाज खणखणीत. तिने ओटीवर बसून रीत सांगितली. मोठ्याने वाटे घालायचे आणि धाकट्याने आधी उचलायचा. ही रीत ज्याने काढली तो शहाणा. उचलायची पहिली पाळी दुसऱ्याची आहे हे माहीत असलं की माणूस वाटे सारखे घालतो. पोरांत भाकरी वाटतानाही आई हेच करायची. मी मोडायची आणि धाकट्याने उचलायची. मी इतकी बारीक नजर लावून मोडायचो की कणभर फरक पडायचा नाही.

पण या रीतीत एक भोक आहे. दोघांनाही भाकरी सारखीच दिसते आहे असं ती धरून चालते.

मला जास्त दिसत होतं. कचेरीत माझ्या टेबलावरून कागद जायचे. मुंबई–गोवा महामार्ग रुंद होणार, अशी चर्चा होती आणि एका नकाशावर लाल पेन्सिलीने ओढलेली रेघ मी पाहिली होती. रेघ आमच्या माळावरून जात होती. नक्की काहीच नव्हतं. असे नकाशे येतात आणि जातात. पण मी पाहिली होती.

मी दोन वाटे घातले. ओढ्याकाठचे बावीस गुंठे एक. माळाचे चौदा गुंठे दुसरा. आणि धाकट्याला म्हणालो, "हा वाटा मोठा आहे. तू कसतोस, तूच घे." तो कचरत होता. आठ गुंठे जास्त घ्यायचे म्हणजे दादावर अन्याय, असं त्याला वाटत होतं. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. त्याने ओढ्याकाठचा वाटा उचलला. पंच म्हणाले, भाऊ असावा तर असा. आत्या काही बोलली नाही. तिला बरं वाटलं असावं.

मी खोटं एक अक्षर बोललो नव्हतो. बावीस हे चौदापेक्षा मोठेच. पहिलीतलं पोरही सांगेल. आपण खोटं न बोलता फसवू शकतो, हे मला त्या दिवशी कळलं. त्यासाठी 'मोठा' सारखा एखादा भरवशाचा शब्द हाताशी लागतो, इतकंच. मी मापाचा मोठा बोललो आणि त्याने मनाचा मोठा ऐकला.

पुढे रस्ता आला. पळस्पे ते इंदापूर हा चौऱ्याऐंशी किलोमीटरचा टप्पा २०११मध्ये सुरू झाला. तो पुढे किती वर्षं रखडला, हे कोकणात गणपतीला जाणाऱ्या प्रत्येकाच्या कमरेला ठाऊक आहे. माझ्या चौदा गुंठ्यांतले सहा रस्त्यात गेले. त्याचा मोबदला मिळाला आणि उरलेले आठ रस्त्याला लागून आले. ज्या कातळावर वरी होत नव्हती तिथे गाळ्यांसाठी माणसं दर विचारू लागली. धाकट्याचे बावीस गुंठे जसेच्या तसे. पावसाळ्यात हिरवेगार, दिवाळीत पिवळे. भाताचा भाव सगळ्यांना माहीत आहे.

२०१४ला त्याच्या मुलीचं लग्न निघालं. मी न मागता चांगली रक्कम दिली. मंडपाचा खर्च, जेवणाचा खर्च, वर दागिना. माझ्या मनातली टोचणी मला त्यात बुडवायची होती. बुडलीही. सगळ्या भावकीत नाव झालं. मोठं मन, मोठं मन. मांडवात माझ्या धाकट्या भावाने सगळ्यांसमोर वाकून माझ्या पायाला हात लावला. मला आहेराचा शर्ट दिला. कॉलरला लार्जची चिठ्ठी. म्हणाला, "दादा, तुला लार्जच लागणार." सगळे हसले. मीही हसलो.

त्याच संध्याकाळी आत्या मला पडवीत भेटली. नजर अधू झालेली, पण कानावर सगळं होतं. तिने विचारलं, "पोरा, पैसे दिलेस ते मदत म्हणून दिलेस का त्याचा वाटा म्हणून दिलेस?"

मी म्हटलं, "आत्या, दिले ना. काय म्हणून याला काय अर्थ?"

"अर्थ नाय कसा? वाटा दिलास तं त्यानं वाकायचं कारण नवतं."

तिला लाल रेघ माहीत नव्हती. पण रस्ता कोणाच्या वाट्यातून गेला ते तिने पाहिलं होतं आणि मी कुठे नोकरीला होतो तेही. तिने दोन्हींची बेरीज केली असावी.

आत्याला हे विचारायचा अधिकार होता. कारण या सगळ्या जमिनीत एक वाटा तिचाही होता. आजोबा गेले तेव्हा तिने माझ्या वडिलांना हक्कसोड करून दिली होती. अंगठा उठवला, लुगडं-खण घेतला आणि गागोद्याला परत गेली. तेव्हा कोणी म्हटलं नाही की हिचं मन मोठं. सगळ्यांनी त्याला रीत म्हटलं. बाईने सोडलं की रीत आणि पुरुषाने परत दिलं की उपकार! आमच्या छत्तीस गुंठ्यांवर उभं राहून मी जो मोठेपणा मिरवत होतो, त्यातली काही माती तिची होती. हे मला पन्नाशी उलटेपर्यंत सुचलं नव्हतं.

निवृत्तीनंतर वेळ भरपूर. वाचनालयात एक जाडजूड इंग्रजी कोश होता, शब्दांची कुळं सांगणारा. त्यात मी 'लार्ज' काढला. शर्टाची चिठ्ठी डोक्यात होतीच. वाचून मी जागीच बसलो. लॅटिनमध्ये 'लार्गुस' म्हणजे विपुल, सढळ, उदार. तो शब्द फ्रेंचमधून इंग्रजीत आला तेव्हाही लार्ज माणूस म्हणजे अंगाने धिप्पाड माणूस नव्हे, तर सढळ हाताचा माणूस. 'लार्जेस' हा शब्द आजही सढळ हाताने दिलेल्या देणगीला वापरतात. नंतरच्या शतकांत देणं गळून गेलं आणि नुसता आकार उरला. सढळपणाचा शब्द शेवटी कापडाच्या मापावर येऊन बसला.

पहिल्यांदा वाटलं, झालं! मोठं म्हणजे देणारं. इंग्रजीतही तेच, आपल्याकडेही तेच. मी तर दिलं आहे. म्हणजे मी लार्ज. कोशानेच मला सोडवलं. पण आत्याचा प्रश्न त्यातून सुटत नव्हता. काय म्हणून दिलंस?

त्याचं उत्तर मला कोशात सापडलं नाही. ते आत्याच्याच गावात जन्मलेल्या माणसापाशी होतं. गागोद्याला सगळे ओळखतात ते विनोबांमुळे. ११ सप्टेंबर १८९५ला विनायक नरहर भावे तिथे जन्मले आणि दहाएक वर्षांचे होईपर्यंत तिथेच वाढले. आत्या लहानपणी आम्हाला भाव्यांचं घर दाखवायची. आम्हाला त्यात रस नसायचा, आमचं लक्ष फणसांकडे. विनोबांनी सांगितलेली एक आठवण फणसाचीच आहे. अंगणातला फणस उतरवला की त्यांची आई गरे पानांच्या द्रोणांत भरायची आणि पोराला आधी शेजारच्या घराघरांतून ते द्यायला पाठवायची. घरच्यांनी खायचं ते नंतर. मला यात 'आधी' हा शब्द महत्त्वाचा वाटतो. उरलेलं द्यायचं नाही. शेजाऱ्यांचा वाटा त्या फणसात आहेच, तो आधी बाजूला काढायचा.

तो पोरगा पुढे छप्पन्नाव्या वर्षी पायी जमीन मागत फिरू लागला. १८ एप्रिल १९५१ला तेलंगणातल्या पोचमपल्लीत हरिजनांनी ऐंशी एकर जमीन मागितली आणि रामचंद्र रेड्डी यांनी उभं राहून शंभर एकर दिली. तिथून भूदान सुरू झालं. विनोबांचं मागणं मला आता नीट कळतं. तुम्हाला पाच मुलगे असतील तर मला सहावा समजा आणि माझा वाटा द्या, असं ते म्हणत. हे भिकाऱ्याचं मागणं नव्हे. हे भावाचं मागणं आहे. दान म्हणजे संविभाग, नीट वाटणी, असा अर्थ ते शंकराचार्यांच्या आधाराने सांगत. म्हणजे देणाऱ्याने छाती फुगवायची नाही आणि घेणाऱ्याने वाकायचं नाही. ज्याचं होतं त्याला पोचलं, एवढंच.

भूदानाचं सगळंच सोनं झालं असं नाही. पाच कोटी एकरांचं लक्ष्य होतं आणि चाळीस लाखांच्या वर एकर मिळाले. तेही केवढे मोठे आकडे. पण त्यात कातळ होता, खडकाळ माळ होते, भांडणातल्या जमिनी होत्या. पुष्कळशी जमीन कागदावरून भूमिहीनाच्या पायाखाली आलीच नाही. जमीनदारांनी मोठे आकडे दिले आणि मोठे म्हणवून घेतले. माझ्यासारखे बावीस आणि चौदाचे हिशेब करणारे तिथेही होते. एकरांत मोजलं की मोठं दिसतं. जमिनीत नांगर घातला म्हणजे खरं कळतं.

आत्या २०१६ला गेली. तिच्या दिवसांना आम्ही दोघं भाऊ गागोद्याला गेलो होतो. परतताना एस.टी.ची वाट पाहत थांब्यावर बसलो होतो, तिथे मी धाकट्याला सगळं सांगितलं. नकाशा, लाल रेघ, पाठीवर ठेवलेला हात. आणि म्हटलं, लग्नात दिलं ते तुझंच होतं, पण पुरं नव्हतं. मोबदल्यातलं राहिलेलं मी देतो आणि रस्त्याकडच्या आठ गुंठ्यांत चार तुझे.

तो बराच वेळ गप्प होता. मला वाटलं, ओरडेल. किंवा म्हणेल, जाऊ दे दादा. दोन्हींची मी तयारी केली होती. त्याने विचारलं, "मग मांडवात मी पाया पडलो ते?"

माझ्यापाशी उत्तर नव्हतं. पैसे मोजून देता येतात, गुंठे सातबाऱ्यावर चढवता येतात. त्याचं वाकणं मी कुठल्या कागदाने परत करणार? त्याच्या मुलीने, व्याह्यांनी, सगळ्या भावकीने ते पाहिलं होतं. त्याच्याच पैशांवर मी त्याला सगळ्यांदेखत लहान केलं होतं. चोरीपेक्षा मला हेच जास्त लागलं. चोरी अंधारात केली होती आणि हे मांडवात, दिव्यांच्या उजेडात, शर्ट स्वीकारून.

एस.टी. आली. आम्ही पुढेमागे बसलो.

पैसे मी दिले. चार गुंठ्यांचे कागद व्हायला दोन वर्षं लागली. त्या काळात तो माझ्याशी बोलायचा, पण कामापुरतं. मला 'दादा' म्हणायचं त्याने सोडलं नाही. फक्त त्यातला आवाज उतरला होता. भावकीलाही मी सांगितलं, गणपतीत सगळे जमले असताना. काहींना ते आवडलं नाही. एक वडीलधारे म्हणाले, झाकली मूठ कशाला उघडलीस, घराचं नाव जातं. आणि दोघा-तिघांनी तर याही गोष्टीला मोठं मन म्हणायला सुरुवात केली! मी हात जोडले. हा शब्द माणसाच्या अंगाला गोचिडासारखा चिकटतो. कबुली दिली तरी चिकटतो. हे लिहितानाही मला त्याची भीती आहे.

गेल्या वर्षी घरामागचं परडं वाटायचं निघालं. जेमतेम तीन गुंठे. दोन माड, एक फणस, पडकी विहीर. धाकटा म्हणाला, "वाटे तू घाल. रीत आहे."

मी वाटे घातले. मग त्याला घेऊन परड्यात फिरलो आणि मला जे जे माहीत होतं ते सांगितलं. या बाजूने ग्रामपंचायत पाण्याची लाइन टाकायचं म्हणते आहे. या माडाला भोंगा लागलाय, दोन वर्षांत जाईल. विहिरीकडचा तुकडा दिसायला लहान आहे, पण पाणी तिथेच आहे. फणस बांधावर आहे, तो दोघांचा. तीन गुंठे सांगायला मला पाऊण तास लागला. छत्तीस गुंठे वाटताना पाच मिनिटं लागली होती.

त्याने ऐकून घेतलं. दोन्हीकडे एकदा पाहिलं आणि विहिरीकडचा तुकडा उचलला.

"लहान आहे तो," मी सवयीने बोलून गेलो.

"असू दे," तो म्हणाला. "आता मना दिसतंय."